तोटी ढिली होती म्हणे

गोगल हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लायनीवरच्या ड्रायव्हर मंडळींनी त्याला आधी गोगलगाय म्हणायला सुरुवात केली, कारण चढ असो की उतार, त्याचा ट्रक एकाच चालीनं जायचा. रोज हाका मारता मारता गाय गळून पडली आणि गोगल उरला. नव्या माणसांना वाटायचं, याला काळ्या चष्म्याची हौस असणार. चष्मा त्यानं जन्मात लावला नव्हता.

ट्रक मुळात त्याच्या मामांचा. मामांनी तो ऐन तारुण्यात घेतला आणि बावीस वर्षं एकहाती चालवला. मामी लग्न होऊन घरी आली तेव्हा ट्रक दारात आधीच उभा होता. तीच पहिल्या आठवड्यात म्हणाली, "ही थोरली आणि मी धाकटी." तेव्हापासून ट्रकचं नाव थोरली पडलं. मामांना मूलबाळ नव्हतं. गोगलला स्टिअरिंगवर बसवलं ते त्यांनीच, आणि पुढं कंबर कुरकुरायला लागली तेव्हा थोरली त्याच्या नावावर केली तीही त्यांनीच. किंमत इतकी कमी लावली की बाहेरच्या माणसाला ती सांगायची सोय नव्हती. अट एकच घातली. सोमवार आणि मंगळवार गाडी मी चालवणार. बाकीचे दिवस तुझे.

पाच वर्षं हे असं सुरळीत चाललं. मग तो बुधवार आला.

मंगळवारी संध्याकाळी मामांनी रेडिएटरच्या खालची तोटी उघडून गढूळ पाणी सोडून दिलं होतं, तोटी आवळली होती आणि नवं पाणी भरलं होतं. दर तीन-चार महिन्यांनी ते हे करायचेच. बुधवारी सकाळी गोगलनं कारखान्यातून फरशा भरल्या आणि निघाला. कारखान्याच्या मॅनेजरनं त्याला आशेला लावलं होतं: तीन खेपा वेळेवर पोचव, मग वर्षभराचं काम तुझं. दोन खेपा पोचल्या होत्या. ही तिसरी. माल उतरवायच्या गोदामाचं फाटक पाचाला बंद व्हायचं, आणि भरतानाच दोन तास वाया गेले होते.

घाट अर्धा चढून झाला आणि पुढून चाबूक फुटल्यासारखा आवाज आला. लगेच डायनॅमोचा लाल दिवा लागला. गोगलला काय झालं ते तिथंच कळलं. फॅनबेल्ट तुटला होता. बेल्ट तुटला की पंखाही थांबतो आणि पाणी फिरवणारा पंपही. इंजिन आपल्याच पाण्यात उकडायला लागतं. बाजूला घेऊन बेल्ट बदलायचा, अर्ध्या तासाचं काम. नवा बेल्ट सीटखाली होता. पण घड्याळात सव्वाचार वाजले होते. चढ संपू दे, वर सपाटीला थांबू, असं तो मनाशी म्हणाला. काटा लाल पट्ट्यात गेला तरी तो म्हणाला, एवढं वळण. मग म्हणाला, एवढं पुढचं. आयुष्यभर गोगलगाय म्हणवून घेतलेल्या माणसानं त्या दिवशी घाई केली.

वर पोचला तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती. त्यानं बेल्ट बदलला, तुटलेला लांब भिरकावून दिला आणि ओढ्यावरून बादली भरून आणून तापल्या इंजिनात ओतली. आत कुठंतरी कट् असा बारीक आवाज झाला. तो त्यानं ऐकला आणि ऐकला नाहीसा केला. गाडी सुरू झाली, फर्लांगभर गेली, कण्हली, आणि जागच्या जागी जाम झाली.

मामांना फोन त्यानंच केला. म्हणाला, इंजिन गेलं, पाणी नव्हतं. एवढं अर्धवट बोलून तो थांबला होता, पुढचं जुळवत होता. तेवढ्यात पलीकडून मामांनीच विचारलं, "तोटी नीट होती ना रे? मी कालच उघडली होती."

गोगलनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "ढिली वाटली."

दोनच शब्द. बोलताना वाटलं, आत्तापुरतं आहे, घरी गेल्यावर बोलू. पण घरी पोचेपर्यंत ते शब्द त्याच्या आधी पोचले होते. मामांनी मामीला सांगितलं, मामीनं त्याच्या बायकोला. गाडी दुसऱ्या ट्रकला बांधून दुसऱ्या दिवशी गॅरेजला आली तेव्हा मामा फाटकाशी उभे होते. गाडीकडे न बघता ते त्याला म्हणाले, "माझ्या हातून झालं. वय झालं माझं."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "जाऊ द्या, मामा." म्हणजे वर आणखी क्षमा केली.

मिस्त्री हा कमी बोलणारा माणूस. इंजिनाचा एकेक भाग काढून रॉकेलमध्ये धुवायचा आणि जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचा. इंजिनाच्या वरच्या झाकणाला, हेडला, केसाएवढी चीर होती. सहातला तिसरा पिस्टन आत धरून बसला होता, तो लाकडी ठोकळा लावून ठोकून काढावा लागला. क्रँकला ओरखडे होते. हे सगळं मांडून झाल्यावर त्यानं गोगलला समोर बसवलं आणि तीन वाटा सांगितल्या. पहिली, हेच इंजिन दुरुस्त करायचं: हेड दुसरं, लायनर-पिस्टन नवे, क्रँक घासून घ्यायचा. दुसरी, भंगारच्या यार्डातून उतरवलेलं जुनं इंजिन आणून बसवायचं. तीन दिवसांत गाडी रस्त्यावर, खर्च निम्मा, पण त्या इंजिनानं आधी काय भोगलंय ते देव जाणे. तिसरी, कारखान्यातून नवं होऊन आलेलं इंजिन घ्यायचं. तिसरी वाट त्यानं हातानंच पुसून टाकली. अख्खी थोरली विकली तरी तेवढे पैसे येणार नव्हते.

"आता खरं सांग," मिस्त्री म्हणाला. "किती वेळ तापलं? सगळं यावर आहे. पाणी सकाळपासून गळत गेलं असेल आणि दिवसभर सुकं चाललं असेल, तर ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मूळ सांगाडाही भाजला. त्यावर पैसे घालणं म्हणजे पाण्यात घालणं. थोडा वेळच तापलं असेल, तर ब्लॉक वाचला असेल. तपासून आणता येतो, पण आठवडाभर नंबर लागत नाही, आणि तपासायचेही पैसे पडतात."

गोगलनं वर्तमानपत्रावरच्या पिस्टनकडे बघितलं. "सकाळपासूनच गळत असणार," तो म्हणाला.

"मग यार्डात जा," मिस्त्री म्हणाला आणि हात पुसायला लागला.

एका खोट्याला सांभाळायला हे दुसरं लागलं, आणि या दुसऱ्याची किंमत तर घरानंच मोजायची होती. घरी बायकोनं ऐकून घेतलं आणि तीही यार्डाच्याच बाजूनं पडली. भाड्याचे फोन तीच घ्यायची. आठवडाभर ती गिऱ्हाइकांना उद्या-परवा करत होती. तिला गाडी चालती हवी होती. आणि चिडलेल्या भरात तिनं मामांना, तेही मामीच्या देखत, सुनावलं होतं: "मामा, आता पुरे. एक दिवस गाडीसकट कुठंतरी जाल." मामांनी लायसन्स खिशातून काढून मामीकडे ठेवायला दिलं होतं.

यार्डात जायला मात्र गोगलला मामा हवेच होते. जुन्या इंजिनाची पारख त्यांच्याइतकी कुणाला नव्हती. लांब पान्याचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून सांगायचं, दुसऱ्याचा व्हॉल्व्ह बसत नाही, चौथ्याची रिंग गेलीय. मिस्त्रीसुद्धा अडलं की त्यांना बोलावून घ्यायचा.

यार्डात मोडक्या गाड्या एकावर एक रचल्या होत्या. मधल्या वाटेनं जपून चालावं लागत होतं. यार्डवाल्यानं तीन इंजिनं दाखवली. दोन नुसतीच पडली होती. तिसरं लाकडी चौकटीवर बसवून तो चालू करून दाखवत होता. सुरू झालं, धूर पांढरा, मग निळसर, मग बराच साफ. गोगलनं पाना मामांच्या हातात दिला. मामांनी तो इंजिनाला टेकवला, कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग पाना परत दिला.

"काय म्हणतंय?" गोगलनं विचारलं.

"बरं वाटतंय," मामा म्हणाले. मग म्हणाले, "पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. तूच ठरव."

यार्डवाला घाई करत होता, आणखी एक गिऱ्हाईक आहे म्हणत होता. एरवी मामांनी त्याला असलं काही ऐकवलं असतं की तो स्वतःच किंमत उतरवून बसला असता. आज ते बाजूला जाऊन एका उलट्या टायरवर बसले आणि जमिनीकडे बघत राहिले. विचार करून कळवतो, असं यार्डवाल्याला सांगून गोगलनं मामांना घरी आणलं. बसमधून उतरल्यावर मामा दहा पावलं पुढं गेले, परत आले आणि कंडक्टरला विचारलं, माझं काही सीटवर राहिलं का. काही नेलंच नव्हतं तर राहणार काय.

दोन दिवसांनी गोगल यार्डवाल्याचं इंजिन पक्कं करायचं म्हणून मिस्त्रीला विचारायला गॅरेजवर गेला. मिस्त्रीनं मापाचे आकडे लिहून दिले, आणि तो निघाला तेव्हा म्हणाला, "थांब जरा."

त्यानं कोपऱ्यातून थोरलीचा फॅनबेल्ट आणून बाकावर ठेवला. कोरा करकरीत. त्यावरची अक्षरंसुद्धा पुसली गेली नव्हती. शेजारी रेडिएटरची तोटी ठेवली. तिच्या आट्यांवर गळल्याचा पांढरा डाग कुठंही नव्हता.

"ही मला पाना लावून काढावी लागली," मिस्त्री म्हणाला. "हिच्यातून थेंब गेलेला नाही. आणि असा बेल्ट असल्या इंजिनावर का, ते तुला ठाऊक. मी कुणाला सांगणार नाही. माझं काम लोखंडाचं. पण तुझे मामा काल इथं आले होते. स्कूटरला गिऱ्हाईक मिळालंय, ते पैसे इंजिनाला घे, म्हणाले. माझ्यासमोर हात जोडले त्यांनी, आणि वर थोरलीचीही माफी मागितली. मला ते बघवलं नाही."

काही तरी सांगायला गोगलनं तोंड उघडलं, पण मिस्त्री आधीच पाठ फिरवून दुसऱ्या गाडीखाली शिरला होता.

ती स्कूटर म्हणजे मामीचे पाय होते. तिचे गुडघे गेले होते. दवाखाना, बाजार, बहिणीचं घर, सगळीकडे मामा तिला मागं बसवून न्यायचे. गोगल गॅरेजवरून थेट त्यांच्या घरी गेला. भर दुपार होती. मामा अंगणात स्कूटर धूत होते. चार वाजता गिऱ्हाईक बघायला येणार होतं. वाटेत त्यानं बोलायचं बरंच जुळवलं होतं. मॅनेजरपासून सुरुवात करायची, फाटक पाचाला बंद होतं ते सांगायचं, मग हळूच मुद्द्यावर यायचं. समोर उभा राहिला आणि त्यातलं काही उरलं नाही.

"मामा, तोटी ढिली नव्हती."

मामांचा हात चाकावर फिरत राहिला. "मग पाणी कुठून गेलं?"

"गेलंच नव्हतं. बेल्ट तुटला घाटात. मी थांबलो नाही."

आता हात थांबला. मामा वळले नाहीत. "लाल पट्ट्यात गेल्यावर किती चालवलीस?"

"दहा मिनिटं. बारा असतील. चढ संपेपर्यंत."

"आणि मग?"

"ओढ्याचं पाणी ओतलं. लगेच."

"इंजिन बंद होतं?"

"बंद होतं."

मामांनी फडकं पिळलं, झटकलं आणि हँडलवर वाळत घातलं. "मग हेडच गेलं असणार," ते म्हणाले. "ब्लॉक वाचला असेल. यार्डवाल्याला पैसे दिलेस का?"

"नाही."

"देऊ नकोस. ब्लॉक तपासायला पाठव."

गोगलला वाटलं, झालं, एवढंच. तो काही तरी बोलणार तोच मामा खाली पायरीवर बसले.

"अठरा दिवस," ते म्हणाले. "डोळे मिटले की माझा हात त्या तोटीवर जातो. आवळली होती की नव्हती. रोज आवळतो रे मी ती. आणि तुला ठाऊक होतं."

खाली बसावं, पाय धरावेत, असं गोगलच्या मनात आलं, पण तेवढीही लायकी आपली राहिली नाही असं वाटून तो उभाच राहिला.

"आत जा आणि तुझ्या मामीला सांग," मामा म्हणाले. "तूच सांग. मी सांगणार नाही."

मामी आतल्या खोलीत पलंगावर पाय लांब करून बसली होती. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "हे दोनदोनदा उठून गॅस बघतात. दाराची कडी बघतात. नळ बघतात. मला वाटलं, म्हातारपण असंच एकदम येत असेल." एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडे केलं. तो बाहेर आला तेव्हा मामा फोनवर गिऱ्हाइकाला सांगत होते, येऊ नका, स्कूटर विकायची नाही.

बायकोला त्यानं संध्याकाळी जेवणाआधी सांगितलं. ती पीठ मळत होती. मळतच राहिली, आणि मग हात धुऊन समोर आली. "त्या दिवशी मी त्यांना काय काय बोलले," ती म्हणाली. "ते माझ्या तोंडून बोलवलंत तुम्ही." पुढं दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी एकटीच मामांकडे जाऊन आली. तिथं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आणि विचारायचं तोंड त्याला नव्हतं.

ब्लॉक तपासून आला. कुठंही चीर नव्हती. यार्डातल्या इंजिनापेक्षा दुरुस्तीला खर्च जास्तच येणार होता, आणि गाडी आणखी तीन आठवडे उभी राहणार होती; पण मिस्त्री म्हणाला की या ब्लॉकवर नीट काम केलं तर थोरली आणखी दहा वर्षं काढेल, आणि यार्डातल्याचं मी दहा महिन्यांचंही सांगत नाही. निर्णय मामांनी घेतला. गोगलनं त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, गाडी तुझ्या नावावर आहे. गोगलनं पुन्हा विचारलं. मग म्हणाले, दुरुस्त कर.

खर्च भागवायला गोगलनं महिनाभर दुसऱ्याचा टेम्पो चालवला. फरशांचं काम तर कधीच दुसऱ्याला गेलं होतं. त्यानं मॅनेजरला पुन्हा फोनही केला नाही. हेड मात्र यार्डातूनच आणलं, आणि ते निवडायला मामा स्वतः गेले, मिस्त्रीबरोबर. गोगलला बोलावलं नाही. परत आल्यावर मिस्त्री हसत होता. म्हाताऱ्यानं यार्डवाल्याला घाम फोडला, म्हणाला.

मामा रोज सकाळी गॅरेजवर यायचे. लायनर बसताना मापं घ्यायचे, बेअरिंगचे बोल्ट आवळताना मिस्त्रीच्या शेजारी उकिडवे बसायचे. गोगल आला की त्याच्याशी बोलायचेही. तेल कुठलं आणलंस, गॅस्केट दाखव, असं. त्यापलीकडे नाही. एकदा चहा पिताना गोगलनं धीर करून म्हटलं, "मामा, मी लायनीवर सगळ्यांना सांगितलंय. माल भरायच्या जागी पण. खरं काय झालं ते." मामांनी बशी खाली ठेवली. "त्यांना कशाला," ते म्हणाले. "त्यांनी मला काय विचारलं होतं?"

ते खरंच होतं. सांगितल्यानं त्याला स्वतःलाच हलकं वाटलं होतं, आणि तेही एखादा दिवस.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मिस्त्रीनं पाना मामांच्या हातात दिला. मामांनी सहाही सिलिंडर ऐकले, एकेक करून, कुणालाही घाई करू दिली नाही. शेवटी पाना पुसून ठेवला. "तिसरा पिस्टन अजून घट्ट चालतोय," ते म्हणाले. "बसेल. हजारेक किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नकोस."

मिस्त्री म्हणाला, याला चाळीस म्हणजे फारच झालं. त्यावर मामाही हसले. गोगल हसला नाही; त्याला हसावं की नाही ते कळलं नाही.

सोमवार आले आणि गेले. थोरली उभी असायची, किल्ली आदल्या रात्रीच मामांच्या घरी खिळ्याला लागलेली असायची, आणि ते येत नव्हते. सहाव्या सोमवारी सकाळी ते आले. लायसन्स खिशात होतं. गोगल म्हणाला, मी बरोबर येतो, आज मला दुसरं काम नाही. मामांनी नको म्हटलं नाही.

निघण्याआधी मामांनी खाली वाकून तोटी चाचपली. पाणी बघितलं, तेल बघितलं, बेल्ट अंगठ्यानं दाबून बघितला. खडी भरून गाडी निघाली. मैलभर गेल्यावर त्यांनी ती बाजूला घेतली, उतरले, वाकले, पुन्हा तोटी चाचपली आणि वर येऊन बसले. गोगल समोर काचेतून रस्त्याकडे बघत राहिला. आणखी दोन मैलांवर ते पुन्हा उतरले. पूर्वी दिवसभरात एकदाही उतरायचे नाहीत.

"मी बघू का?" तिसऱ्या वेळी गोगलनं विचारलं.

"तू बस," मामा म्हणाले. "माझं मला बघू दे."

ते उतरले. बॉनेटच्या पलीकडे त्यांचं पांढरं डोकं खाली गेलं, बराच वेळ दिसलं नाही, मग वर आलं. वर चढून त्यांनी हात पुसले, गिअर टाकला, आणि खडी कुठं उतरवायची ते विचारलं. गोगलनं सांगितलं.